काळा चिखल

"मुंगे, आता बास. तू टेम्पोत बस," मामा म्हणाला, पण मुंगीने सायकलचं हँडल सोडलं नाही.

चार दिवस पावसाने नुसता उच्छाद मांडला होता. बारा मुलं, पिवळे रेनकोट, भाड्याच्या एकसारख्या सायकली, आणि वाटेच्या शेवटी समुद्रावरचं दीपगृह. तिथवर स्वतःच्या पायांनी पोचायचं, असं मुंगीने घरून निघतानाच ठरवलं होतं. पण पाऊस लागल्यापासून रोज तीच शेवटची. मांड्या भरून यायच्या, बुटांत पाणी पचपचायचं, आणि बाकीची मुलं उतारावर गाणी म्हणत सुटायची. टेम्पोत ओल्या सतरंज्या होत्या आणि "बिचारी दमली गं" म्हणणारे ड्रायव्हरकाका होते. ती बिचारी तिला मुळीच व्हायचं नव्हतं.

"सायकलच जड चालते रे मामा."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मामा हसला. "बरं, एक संधी देतो. पुढच्या पुलापाशी जो शेवटी येईल तो टेम्पोत. मग कुरकुर चालणार नाही."

आणि टेम्पोच्या मागोमाग तो निघूनही गेला.

मुंगी दगडावर बसली. एका जागी बसवेना म्हणून पुन्हा उठली. जाड चष्म्याचा दुर्बीण तिच्या पायांकडे टक लावून बघत होता.

"काय बघतोस?"

"आमच्या पायांवर लाल चिखल आहे. तुझ्या पायांवर काळा."

खरंच की! रस्ता तर सगळ्यांचा एकच, लाल मातीचा. दुर्बीणने तिच्या सायकलच्या रिमवरून बोट फिरवलं, तर बोट काजळासारखं काळं. सगळे ज्याला पैलवान म्हणत त्या मुलाने मागचं चाक उचलून जोरात फिरवलं. चाक अर्धा फेरा गेलं आणि थांबलं. पुढचंही तसंच.

"ब्रेकचं रबर रिमला घासतंय," दुर्बीण म्हणाला. "अगं, तू चार दिवस ब्रेक लावूनच सायकल चालवते आहेस."

हसावं की रडावं, मुंगीला कळेना. पाना टेम्पोत, टेम्पो पुढे, आणि मामाला सांगायला जावं तर तो पुन्हा अंगणच काढणार.

"मग त्याला अंगणच दाखवू," पैलवान म्हणाला. सगळ्यांत दांडगा तोच. "तुझी सायकल मला दे. माझी तू घे."

मुंगी पुलापाशी तिसरी पोचली. मामा बघतच राहिला. मागाहून, बऱ्याच वेळाने, लालबुंद पैलवान धापा टाकत आला.

"मामा, दार उघडा. टेम्पोत बसतो."

"तू? तुला काय धाड भरली?"

"मला नाही, सायकलला. ही मुंगीची आहे. चाक फिरवून बघा."

मामाने चाक फिरवलं. पुन्हा फिरवलं. त्याचं हसू मावळलं. पाना घेऊन तो पावसातच खाली बसला.

"पाऊस लागला त्या संध्याकाळी मीच ब्रेक आवळले," तो हळूच म्हणाला. "बाकीच्यांचे जरासे, तुझे जास्त. तुला जपीन म्हणून ताईला शब्द दिला होता."

"आणि मला वाटत होतं, मीच कच्ची आहे," मुंगी म्हणाली. तिला त्याचा भयंकर राग आला होता, आणि डोळेही भरले होते.

"कच्ची? ब्रेक लावून तू चार दिवस आमच्याबरोबर आलीस. माझ्या बापाच्याने झालं नसतं ते. चुकलो मी, मुंगे."

"आणि ह्या चष्मेवाल्याची नजर बघा," ड्रायव्हरकाका म्हणाले. "शाबास रे पोरांनो."

"पण नियम तो नियम," पैलवान म्हणाला. "शेवटी येणारा टेम्पोत."

"शेवटी तूच आलास की," मामा म्हणाला.

"कोणामुळे आला?" मुंगीने विचारलं.

सगळे मामाकडे बघू लागले. मामाने कान पकडले आणि तो निमूटपणे ओल्या सतरंज्यांवर जाऊन बसला.

"बिचारे दमले हो," ड्रायव्हरकाका म्हणाले.

पुढे मोठा उतार होता. मुंगीने पाय थांबवले तरी सायकल आपोआप धावत होती, चार दिवसांत पहिल्यांदाच. मागून टेम्पोच्या खिडकीतून मामाचं डोकं बाहेर आलं.

"मुंगे, ब्रेक लाव गं!"

"तूच लावलेस तेवढे पुरे," मुंगी ओरडली, आणि दीपगृह येईपर्यंत तिने पुढची जागा कुणाला दिली नाही.