रोज एक वेढा

ताटल्यांतले नूडल्स आधी संपवा, मागाहून मला बोल लावायचे नाहीत. निनाद, हसू नकोस. अर्ध्यावर उठून बेसिनकडे धावणारा पहिला तूच असशील.

ही ऐकीव गोष्ट नव्हे. डॉक्टर हेमचंद्रांच्या बाबतीत घडलेली आहे, आणि ते माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातले. आखातात मुसफ्फाला एका बांधकाम कंपनीचा लेबर कॅम्प होता. तिथल्या क्लिनिकचे ते डॉक्टर, आणि मी लॅबवाला. साल १९९२, नोव्हेंबरची बारा तारीख, गुरुवार. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची, त्यामुळे गुरुवारची रात्र सगळ्यांची निवांत. पावणेदहाला डॉक्टर जेवून उठले, गाडीची किल्ली उचलली आणि वहिनींना म्हणाले, "अनुपमा, क्लिनिकमधली एक बरणी आणायची राहिलीय. तासाभरात येतो."

"आत्ता? सकाळी जाताना घ्या की."

"सकाळी सहाला दुबईला निघायचंय. मुसफ्फाला वाकडी वाट करत कुठे जाऊ?"

आठ वर्षांची शुभ्रा सोफ्यावरून ओरडली, "पपा, यू प्रॉमिस्ड! मूव्ही!"

"यल्ला, चल, हा गेलो आणि हा आलो."

काम साधंच होतं. दुसऱ्या दिवशी दुबईत डॉक्टरांची परिषद होती, दुर्मिळ रोगांच्या केसेस मांडायच्या होत्या, आणि हेमचंद्रांना त्यात पंधरा मिनिटं मिळाली होती. समोर शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचे साहेब बसणार होते. सहा वर्षं कॅम्पात खोकला, कंबरदुखी आणि उन्हाचे झटके बघून माणूस विटला होता. त्या पंधरा मिनिटांत त्यांची सुटका होती.

बरणीत होता नारू.

तुमच्या पिढीला माहीत नसणार. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी न गाळता प्यायलं की तो पोटात जायचा. वर्षभर अंगात गुपचूप वाढायचा, चांगला दोन-तीन फूट. मग पावलाशी फोड यायचा, आगीचा डोंब उसळायचा. माणूस पाय पाण्यात बुडवायचा, फोड फुटायचा, आणि त्यातून पांढरं टोक डोकावायचं. शिजलेल्या शेवईएवढं जाड. जिवंत.

असा एक रुग्ण त्याच वर्षी जूनमध्ये आमच्याकडे आला. भिवा त्याचं नाव, नांदेडकडचा गवंडी, वर्षापूर्वी रजेवर गावी जाऊन आलेला. ड्रेसिंगच्या खोलीत निळ्या बादलीत पाय सोडून बसला आणि बघता बघता बादलीतलं पाणी दुधाळ झालं. खोलीभर नासलेल्या दुधाचा वास. मी तोंडावर रुमाल धरला. हेमचंद्र मात्र हरखले. आजवर फक्त पुस्तकात वाचलेली गोष्ट समोर वळवळत होती.

भिवाला त्याचं काही अप्रूप नव्हतं. त्याच्या बापालाही नारू निघाला होता. "सायेब, ह्याला काडीला गुंडाळायचं. रोज एक येढा. घाई केली की तुटतो, आन् हा तुटला की माणूस तुटतो." पुस्तकातही उपाय तोच होता. मग रोज संध्याकाळी सात वाजता भिवा यायचा, पाय बादलीत सोडायचा, आणि डॉक्टर आगपेटीच्या काडीला एक वेढा द्यायचे. दोन-अडीच सेंटिमीटर. काडी पट्टीखाली बांधायची, उद्या पुन्हा. भिवा जाताना विचारायचा, "किती ऱ्हायला, सायेब?"

पण परिषदेला केसची माहिती तीस जूनच्या आत फॅक्स करायची होती. अख्खा नारू बाहेर, शेजारी पट्टी, असा फोटो हवा होता. एकोणतीस तारखेला डॉक्टरांनी हिशेब केला. या चालीनं अजून तीन आठवडे लागले असते. त्यांनी पायापुरती भूल दिली आणि चिमटा उचलला.

भिवानं त्यांचा हात धरला. "नगा, सायेब. अर्धा ठिवून मला गावी बी जाता यायचं न्हाई."

"अरे, दोन मिनिटं. खलास! मोकळा होशील."

ओढला... आणि तुटला. उरलेला सर्रकन आत गेला, ताणलेलं रबर सुटावं तसा. पांढरट पाण्याची चिळकांडी डॉक्टरांच्या चष्म्यावर उडाली.

पुढचं थोडक्यात सांगतो, सविस्तर मला सांगवत नाही. चौथ्या दिवशी पाय मांडीपर्यंत काळानिळा झाला. बोट लावलं की आत रुतायचं, आणि बोट काढलं की त्या खड्ड्यात पू भरायचा. सातव्या दिवशी शहरातल्या हॉस्पिटलात भिवा दगावला. पेटी विमानानं गावी पोचली आणि नदीकाठी त्याला अग्नी दिला.

फॅक्स तर आधीच गेला होता, फोटोऐवजी बरणीच दाखवू असं कळवून: 'नारू पूर्ण काढला. रुग्ण बरा होऊन मायदेशी परतला.' परतला खरा. पेटीतून. बरणीतला तुकडा गुंडाळलेलाच होता, बघणाऱ्याला लांबी कशी कळणार? ती फक्त मला ठाऊक होती, कारण मोजला मी होता आणि लेबलही माझ्याच हातचं होतं: २९ सेंमी. त्या गुरुवारी डॉक्टरांच्या खिशात नवं लेबल होतं. त्यावर त्यांनी स्वतः लिहिलं होतं: ९१ सेंमी.

हे सगळं मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. नारूची किळस माणूस विसरतो. आम्हां दोघांची मला अजून येते.

असो. दहा वीसला ते कॅम्पच्या फाटकाशी पोचले. वॉचमन जहूर खुर्चीतून उठला.

"डॉक्टरसाब, आपका मरीज अंदर बैठा है. घंटाभर हो गया."

"आत? किल्ली तर माझ्याकडे आहे."

जहूरनं कपाळाला आठ्या घातल्या. "मैं तो समझा, आपने बिठाया है."

क्लिनिक म्हणजे एक लांबट, पत्र्याची पोर्टाकॅबिन. दाराला कुलूप होतं. हेमचंद्रांनी ते काढलं. आत एसी चालू, गारठा, आणि वास. नासलेल्या दुधाचा. त्यांना वाटलं, फ्रीजमध्ये काहीतरी सडलं असेल. बरणीचं कपाट समोरच होतं. चार पावलं चालायचं, बरणी घ्यायची, लेबल बदलायचं, निघायचं.

ड्रेसिंगच्या खोलीत पाणी हललं.

दार अर्धं उघडं होतं. बाकावर कोणीतरी बसलं होतं, पाठ दिव्याकडे, तोंड अंधारात. पाय निळ्या बादलीत.

"कोण आहे? क्लिनिक बंद आहे. शनिवारी ये."

"सायेब, येढा ऱ्हायलाय."

हेमचंद्रांना पळायचं होतं. पण नजर बादलीकडे गेली. ते मला पुढे म्हणाले, भीती नंतर वाटली, आधी किळस आली. कारण बादलीतला पाय त्यांना दिसत होता. फुगलेला. कातडी सुटत आलेली. आणि घोट्याजवळून आगपेटीची काडी लोंबत होती.

"किती ऱ्हायला, सायेब?"

ते खाली बसले. का बसले, त्यांनाही सांगता आलं नाही. काडी धरली. ओली होती. गार.

एक वेढा दिला.

आला.

दुसरा. तोही आला. तिसरा. बोटांना बुळबुळीत लागत होतं. त्यांनी थोडं जोरात ओढलं.

"हळू, सायेब..."

हातावर हात आला. बोट रुतावं तसा मऊ. हेमचंद्र तिथेच भडभडून ओकले. ओकारी बादलीत पडली. पाय हलला नाही.

"हळू."

त्यांनी काडी पुन्हा धरली. वेढा. पुन्हा वेढा. वास बदलला. दूध गेलं... धूर आला. ओल्या लाकडाचा. मांसाचा. वेढा. डोळ्यांना धार लागली होती. बोटं काळी होत होती. वर बघायचं नाही. वेढा.

"किती...?"

"संपत आला, भिवा."

वेढा...

...

पहाटेची अजान झाली तेव्हा हेमचंद्र जमिनीवर बसले होते, दोन्ही हात पुढे धरून. बाक रिकामा. बादली कोरडी. काडी नव्हती. बोटं स्वच्छ होती. फक्त त्यांच्या शर्टावर त्यांचीच ओकारी वाळली होती.

बरणीला हात न लावता ते घरी गेले. वहिनी रात्रभर जाग्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं, परिषदेला तब्येतीचं कारण कळवलं, आणि सात वाजता मला फोन केला. आवाज ओळखू येत नव्हता. "क्लिनिकला जा. कपाट उघड आणि मला सांग." काय सांगायचं ते बोलले नाहीत.

त्यांचं पुढे काय झालं, विचारायला नको. शनिवारी त्यांनी स्वतःच्या हातानं खरा रिपोर्ट लिहून कंपनीला दिला, महिन्याभरात नोकरी गेली. आता पुण्यात असतात. भिवाच्या घरी दर वर्षी जाऊन येतात, आणि तिथे त्यांना कोणी हाकलत नाही.

मी मात्र त्या शुक्रवारी एकटाच गेलो. क्लिनिकचं दार डॉक्टर उघडंच टाकून गेले होते. कपाटाला कुलूप होतं, त्याची एक किल्ली डॉक्टरांकडे आणि दुसरी माझ्याकडे असायची. बरणी जागेवर होती, झाकणावरचं मेणाचं सील शाबूत, लेबल माझ्या अक्षरात: २९ सेंमी. म्हटलं, डॉक्टरांचं डोकं फिरलं. तरी सांगितलंय म्हणून सील फोडलं, चिमट्यानं तुकडा वर उचलला.

तो वर येतच राहिला.

टेबलावर पसरला. पट्टी लावली. दोनदा मोजला. एक्क्याण्णव सेंटिमीटर. कुठे तुटलेला नाही, कुठे जोडलेला नाही. एकोणतीसपर्यंत पांढराशुभ्र.

तिथून पुढचा काळा. मी बोट लावून पाहिलं, बोटाला काजळी आली.