किती हिरवं चालेल

शेखर अकोल्याच्या जुन्या शहरातून चांदूर बाजारला आला तो संत्र्यांकडे बघायला. प्रणालीकडे बघणे कामात धरलेले नव्हते.

प्रणालीचे वडील खुशालराव संत्र्यांचे व्यापारी. त्यांच्या शेडमध्ये शेखरने स्वतः जोडलेले निवडणीचे यंत्र बसवले. त्याचे पहिलेच. आत ना कॅमेरा, ना कॉम्प्युटर. पट्ट्यावरून संत्रे गेले की एक सेन्सर लाल उजेड मोजी, दुसरा हिरवा. सर्किट दोन्ही ताडून बघे आणि कच्चे फळ बाजूला ढकली.

“हे विचार नाही करत?” प्रणालीने विचारले.

“नाही. नुसतं पायते आन् लगेच ठरवते.”

“मंग तुमच्यापेक्षा बरं हाय. तुमी नुसतेच पाऊन राह्यले…”

शेखरने मान खाली घातली आणि एक बारीक स्क्रू पिळला. दिवाळीच्या सुमारास निघणारे आंबिया बहाराचे संत्रे पिकले तरी साल हिरवट राहते. किती हिरवे चालेल, ते या स्क्रूवर ठरते. प्रणालीने फळे दाखवली, त्याने स्क्रू लावला आणि तो हलू नये म्हणून वर लाल नेलपॉलिशचा थेंब सोडला. कारागिरांची ती रीतच आहे.

पुढच्या सोमवारी फोन आला — यंत्र पिकलेली फळेही फेकते आहे. शेखर अमरावतीला एसटी बदलून आला. स्क्रू लावला, चहा प्याला, गेला. त्याच्या पुढच्या सोमवारी तेच. तिसऱ्या सोमवारी खुशालराव म्हणाले, “शेखरभाऊ, आता मशीन वापस न्या. बाया हातानं निवडतीन.”

शेखरने झाकण उघडले. स्क्रूवरचा थेंब गुलाबी होता. त्याने प्रणालीच्या नखांकडे पाहिले. तिने हात ओढणीत घेतले… जरा उशिराच.

“चूक माह्यी हाय, काका,” तो म्हणाला आणि पाना काढून यंत्राचे नट सोडू लागला.

दोन नट निघाले. तिसऱ्याला प्रणाली बोलली.

“बाबा, मशीन बरोबर हाय. इस्क्रू मी फिरवला. तिनी वेळा. यावेळी लाल सरलं होतं.”

“काहून?”

“बिघडलं नाही तं हे येतीन कायले?”

निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. खुशालराव पट्ट्याजवळून पुढे आले.

“फोन नंबर नोता का याचा?”

“होता. पण फोनवर हे नुसतं सर्किटच सांगतात.”

शेखरने पाना खाली ठेवला. “काका, पुढच्या सोमवारी आईले घेऊन येतो. तिले सर्किटातलं काही समजत नाही.”

“सोमवारी माल भरायचा असते,” खुशालराव म्हणाले. “इतवारी आना. आन् ते दोन नट आवळून जा.”