उत्तरेकडच्या गोलाची राखण

लसाद सगळ्यांना दिसतो, मग मलाच का दिसत नाही?

हे मी फर्जानीचाचांना विचारलं. मशिदीत विचारलं. आईला विचारलं. आई पीठ मळत होती, ती मळतच राहिली. मी त्याचा सख्खा भाऊ. सोळा वर्षं आम्ही एका गादीवर झोपलो. तरी नाही.

फर्जानीचाचा आमच्या स्टेडियमचे राखणदार. रात्रीच्या नमाजनंतर ते आम्हा पोरांना पायऱ्यांवर बसवायचे, शेगडीवर चहा ठेवायचे आणि सांगायचे.

"हे खाणीवाल्या फ्रेंच साहेबांनी स्वतःसाठी बांधलं. आमचे बाप बाहेर, फॉस्फेटच्या ढिगावर बसून बघायचे. साहेब गेले आणि ढिगावरचे लोक आत आले. अकरा पायऱ्या, दिव्यांचे चार खांब, कपडे बदलायच्या दोन खोल्या. पाहुण्यांच्या खोलीत गरम पाण्याचा नळ, आपल्या खोलीत गार."

"म्हणूनच आपण हरतो, चाचा. ते गरम, आपण गार!"

सगळे हसले. चाचाही हसले. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"लसाद त्या तिसऱ्या खांबावरून पडून गेला, त्याला आज अडतीस दिवस झाले. परवा मंगळवारी पहाटे, फजरच्या अजानआधी, मी मातीवर पाणी मारत होतो. मागे दोन टाळ्या. हातमोज्यांच्या. थप्. थप्. गोलात उभा राहिला की मारायचा, तशाच. मी वळलो. गोलखांबाला टेकून उभा होता. पाठमोरा."

"मग वळला का?"

चाचांनी शेगडीतले निखारे सारले.

"चाचा, चेहरा दिसला का?"

"...चहा ओत, बाळ."

पाववाल्या मब्रूकाबाईंना तो फाटकापाशी दिसला. ड्रायव्हरच्या पोराला, शाकिरला टाळ्या दोनदा ऐकू आल्या. प्रत्येकाचं ऐकताना मला वाटायचं, माझ्या ताटातलं कोणीतरी उचलून खातंय आणि वर मला चव सांगतंय.

शाकिरचा तर मला जास्तच राग. लसादने त्याला दोन वर्षं शिकवलं, मला कधी नाही. मला म्हणायचा, "तू तापट आहेस, गोलात थंड माणूस लागतो." आता लसादच्या जागी शाकिर उभा राहणार होता. एक दिवस तो माझ्याजवळ आला.

"खरं सांग. तो माझ्यावर रागावलाय का रे?"

"रागावणारच," मी म्हणालो. "जागा त्याची आहे. सोड म्हणतोय."

शाकिरचं तोंड राखेसारखं झालं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग शेजारच्या उम्म लहजर गावाशी सामना आला. त्यांच्याशी सामना असला की आदल्या रात्री आम्ही गोलांची राखण करतो. ती माणसं अंधारात येऊन गोलाच्या तोंडाशी बंद कुलूप पुरतात. कुलूप बंद, तर गोलकीपरचे हात बंद. कोणी हसो, पण चार वर्षांपूर्वी आमच्या गोलातून कुलूप निघालं होतं आणि त्या दिवशी आम्ही पाच गोल खाल्ले होते.

उत्तरेकडची भिंत पडलेली आहे, म्हणून तिथे नेहमी लसाद बसायचा. यंदा चाचांनी तिथे शाकिरला बसवलं.

"मी भाऊ आहे त्याचा!" मी ओरडलो.

"भाऊ आहेस, गोलकीपर नाहीस. दक्षिणेला बस."

एप्रिलचा दुसरा शनिवार. चाचा रात्री एकच्या सुमारास खोलीत आडवे झाले. एक वाजून दहा मिनिटांनी मी मैदान ओलांडून शाकिरकडे गेलो.

"घरी जा. तुझ्या आईच्या छातीत दुखतंय. निरोप आलाय."

तो पडक्या भिंतीवरून उडी टाकून धावत सुटला. मी भिंतीलगतच्या त्याच्या दगडावर बसलो. उत्तरेचा गोल आता माझा होता. लसादला यायचं असेल तर माझ्याकडेच यावं लागणार होतं.

चंद्र नव्हता. मैदान ओलं होतं, पाणी नुकतंच मारलेलं.

पावणेदोन.

थप्. थप्.

दक्षिणेकडून. जिथून मी उठून आलो होतो, तिथून.

मी धावलो. चिखल बुटांना चिकटत होता. दक्षिणेचा गोल रिकामा. जाळीही हलत नव्हती.

थप्. थप्.

आता उत्तरेकडून.

मी परत धावलो. अर्ध्यावर आलो... आणि पुन्हा टाळ्या. मागे.

"लसाद, मी आहे! मी!"

काही नाही.

"शाकिर नाहीये इथे. त्याला घालवलंय मी. ये ना..."

काही नाही. खूप वेळ काही नाही.

मग उत्तरेच्या गोलात माती उकरल्याचा आवाज आला. नखांनी. घाईत नाही. सावकाश.

उम्म लहजरचा कोणी असेल. धावायला हवं होतं. ओरडायला हवं होतं. मी मैदानाच्या मधोमध उभाच राहिलो.

खरवडणं थांबलं.

कट्.

धातूचा आवाज. एकदाच.

मग... कोणीतरी दमून सोडतं तसा श्वास.

मी तिथेच बसलो. अजान होईपर्यंत मान वर केली नाही.

उजाडल्यावर गेलो. गोलरेषेच्या आत कोपरभर खोल खड्डा होता. रेषेवर कुलूप ठेवलेलं. मातीने माखलेलं, पितळी, मोठं. उघडलेलं. आजूबाजूच्या ओल्या मातीत मी पाऊल न् पाऊल शोधलं. फक्त माझेच बूट होते, येताना आणि जाताना. खड्ड्याच्या काठावर बोटांचे ओरखडे होते. मी माझी नखं पाहिली. स्वच्छ होती.

मी आहे म्हटलं, तर आला नाही. गोल राखायला मात्र आला.

मी कुलूप खिशात टाकलं. खड्डा बुजवला, पायाने दाबला. फक्कीचा डबा आणून पुसलेली रेषा पुन्हा मारली. रेषा संपेपर्यंत शाकिर आला. डोळे लाल.

"आई घोरत होती," तो म्हणाला.

मी फक्कीचा डबा खाली ठेवला.

"रात्रभर फाटकाबाहेर बसलो होतो. आत यायची हिंमत नाही झाली. टाळ्या ऐकल्या मी." त्याने आपले हातमोजे माझ्यापुढे धरले. "मी नाही उभा राहत आज. ज्याची जागा त्याला राहू दे. चाचांना तूच सांग."

फर्जानीचाचा खोलीतून डोळे चोळत बाहेर येत होते. माझा हात खिशात होता. कुलूप गार नव्हतं.

"मी पाहिलं त्याला," मी शाकिरला म्हणालो.

"काय... काय म्हणाला?"

"माझ्याशी बोलला नाही. तुझं नाव घेतलं. म्हणाला, शाकिरला सांग, गोल सोडू नकोस."