दोन मिनिटं सहा सेकंद

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मला फरक पडत नाही. मी हे कुणाला घाबरवायला लिहीत नाहीये. लिहून टाकलं तर निदान मळमळ थांबेल, एवढ्यासाठीच लिहितोय.

बुधवार होता. दुपारचे साडेतीन. बाहेर लख्ख ऊन. जागा म्हणजे माझी कामाची खोली, घराच्या मागच्या बाजूची, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेली.

मी गाण्यांचं मिक्सिंग करतो. वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज आणि वाद्यं साफ करून एकत्र बसवायची, हे माझं काम. हे गाणं माझ्या मावशीचं होतं. उभ्या आयुष्यात तिने रेकॉर्ड केलेलं एकुलतं एक गाणं. फुप्फुसं पार गेली होती तिची, तरी हट्टाने माझ्या खोलीत आली आणि स्टुलावर बसून गायली.

तीन आठवड्यांनी ती गेली.

नंतर तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, कीबोर्ड वाजवला. ड्रम वाजवले आमच्या पहिलवानाने. अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून पहिलवान. रविवारी सगळे नातेवाईक भावाच्या घरी गाणं ऐकायला जमणार होते. भावाचं एकच मागणं होतं, आईचं आजारपण ऐकू येऊ देऊ नकोस.

आम्ही तिघं तीन टोकांना राहतो. म्हणून मी प्रत्येक मिक्स एका पेजवर टाकायचो. तिथे गाणं एका लांब पट्टीसारखं दिसतं. पट्टीवर जिथे बोट ठेवाल तिथे शेरा लिहिता येतो, आणि तो त्या सेकंदाला चिकटून राहतो. शेजारी छोट्या गोलात लिहिणाऱ्याचा फोटो. माझा नियम कडक होता. 'मध्ये कुठेतरी कचकच होतेय' असलं काही लिहायचं नाही. मिनिट-सेकंद सांगा, नाहीतर गप्प बसा.

मावशीच्या आवाजात मात्र कचकच जागोजागी होती.

हेडफोन लावून दुसऱ्याचं तोंड ऐकणं कसं असतं ते सांगतो. ओठ सुटताना होणारं चिकट चट्. जिभेखालचे थुंकीचे बुडबुडे. छातीतला कफ घरघरत वर यायचा, घशाशी अडायचा, आणि मावशी तो गिळायची. थेट माझ्या कानात. मला शिसारी आली. लहानपणी जिच्या ताटात जेवलो तिचीच शिसारी.

मी कापत गेलो. एकशे त्रेचाळीस तुकडे. ते सगळे एका वेगळ्या ट्रॅकवर ठेवले आणि ट्रॅकला नाव दिलं, 'घाण'.

इथवर काम होतं. पुढे केलं ते काम नव्हतं.

मंगळवारी पहिलवान घरी आला. मी ते तुकडे एकापुढे एक जोडून त्याला ऐकवले. एक्कावन्न सेकंद नुसतं गिळणं, घरघर आणि चटचट. तो तोंड वाकडं करून "शी" म्हणाला आणि हसायला लागला. मीही हसलो. अगदी पोट धरून हसलो.

बुधवारी दुपारी तिसरा मिक्स पेजवर टाकला. गाणं बरोबर चार मिनिटं बारा सेकंदांचं.

दहा मिनिटांत शेरा आला.

०:४१ — इथलं काढलंस.

शेजारचा गोल...

रिकामा होता.

पहिलवानाची चेष्टा, दुसरं काय. मी त्याला फोन लावला. उचलला दुसऱ्याच कुणीतरी. साहेब दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत आ वासून पडले होते, आणि मदतनीस बाई मला ओरडत होती की नंतर करा. बोलणं चालू असतानाच स्क्रीनवर दुसरा शेरा उमटला.

१:१९ — इथलंही.

पेज आम्हा तिघांनाच उघडता येतं. भावाला विचारलं. तो ऑफिसात होता, त्याने अजून ऐकलंच नव्हतं.

मी माझे कट तपासले. एक्केचाळिसाव्या सेकंदाला कट होता. एक एकोणीसलाही होता. कुठे काय कापलं ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पहिलवानाने ढीग ऐकला होता, जागा नाही.

शेरे येत राहिले... सात. अकरा. वीस.

मग वेगळा आला.

२:०६ — इथे पाणी मागितलं होतं.

ते खरं होतं. त्या ओळीआधी मावशी थांबली होती. तोंडातून शब्द निघेना, म्हणून तिने नुसतं बाटलीकडे बोट दाखवलं. सूर छान लागला होता. मी म्हटलं, मावशी, एवढी ओळ होऊ दे. तिने घशाशी आलेलं सगळं गिळलं आणि गायली. खोलीत आम्ही दोघंच होतो. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

शेवटचा शेरा होता ५:०३ वर.

गाणं तर ४:१२ ला संपतं. पण पट्टी आता... लांब दिसत होती.

मी हेडफोन लावला आणि शेवट ऐकला. गाणं संपलं. शांतता.

मग... चट्.

माझी 'घाण' सुरू झाली. मी ती मिक्समध्ये घातलेली नव्हती. एक्कावन्न सेकंद, तुकड्यामागून तुकडा, ओला, चिकट, कानाच्या आत. माझ्या तोंडाला कफाची खारट चव आली. ती माझी नव्हती.

आणि मग बरोबर ५:०३ ला हसण्याचा आवाज आला. पहिलवानाचा आणि माझा, पोट धरून हसल्याचा. मंगळवारी माइकची वायरसुद्धा लावलेली नव्हती.

शेरा एवढाच होता.

५:०३ — आता हस.

मी कचऱ्याच्या डब्यात ओकलो. मावशीची किळस केव्हाच संपली होती. माझी मलाच वाटत होती, आणि ती ओकून जाईना.

शनिवारपर्यंत बसून मी सगळे एकशे त्रेचाळीस तुकडे होते तिथे परत लावले. भावाला सांगितलं, आजारपण ऐकू येईल, पण आई ऐकू येईल.

रविवारी भावाने गाणं लावलं. मावशीचा पहिला श्वास आला आणि सगळ्यांचे डोळे भरले. मला वाटलं, सुटलो.

दोन मिनिटं सहा सेकंदांना ते गिळणं आलं. आणि त्याच्या आधी, अगदी हळू...

"पाणी."

हा शब्द तिने उच्चारलाच नव्हता. मी तो तुकडा पन्नासदा ऐकलाय.

भावाने गाणं थांबवलं.

"आईने पाणी मागितलं होतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हटलं.

"मग?"

"लगेच दिलं ना."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंस," म्हणाला.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन थरथरला. नवा शेरा होता. २:०६. रिकामा गोल. पुढे एकही अक्षर नाही.

तो शेरा मला पुसता येत नाही. भावाला तो दिसत नाही.

या गोष्टीला चार महिने झाले. मी कुणासमोर पाणी पीत नाही. घोट घेतला की माझ्या घशातून गिळण्याचा आवाज येतो, आणि तो माझा नाही. मी तो एकशे त्रेचाळीस वेळा हाताळलाय. मला तो बरोबर ओळखता येतो.