धुक्यातून जो आधी आला

ऐका ना, ईराचं म्हणणं असं की परत निघायच्या दिवशी सकाळपर्यंत काहीच वेगळं नव्हतं. नेहमीसारखीच ट्रिप. बाबा व्हॅनच्या मागच्या दाराशी उभे राहून बॅगा काढत होते आणि परत कोंबत होते, आई भाड्याच्या कॉटेजचा ओटा स्वतःच्या घरचा असल्यासारखा घासत होती, आणि तनय हेडफोन लावून पायरीवर बसला होता.

घरात चौघंच. बाबा म्हणजे हेमचंद्र, इंजिनियर. आई शोभा, माहेर वेंगुर्ल्याचं. तनय थोरला, कॉलेजात. आणि ईरा. राहतात लव्हालला, मॉन्ट्रियलच्या वर. आठवडाभर अटलांटिकच्या कडेकडेने हिंडून झालं होतं, आता न्यू ब्रन्सविकमधून सरळ घर. फक्त बाबांना ओहोटी शेवटची एकदा बघायची होती. तिकडे फंडीच्या उपसागरात पाणी इतकं मागे हटतं की समुद्राचा तळ उघडा पडतो. लाल चिखल, शेवाळलेले खडक, आणि त्यावरून माणसं चपला हातात घेऊन चालतात. बाबांना त्याचं भारी कौतुक. “अरे, सकाळी इथे दोन मजले पाणी होतं!” हे वाक्य त्यांनी रोज सांगितलं, आणि रोज पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं.

आता आईचा एक नियम सांगते. पाण्याकाठी कोणाला नाव घेऊन हाक मारायची नाही. तळं असो, नदी असो, साधा स्विमिंग पूल असो. पोरं लांब गेली की ती टाळ्या वाजवायची. ईराने लहानपणी विचारलं होतं, तर म्हणाली, “नाव घेतलं की ऐकणारा येतो. येणारा आपलाच असेल असं थोडंच आहे?” बाबा हसायचे. तनय तर मित्रांसमोर त्या टाळ्या वाजल्या की लाजेने अर्धमेला व्हायचा.

तर, किनाऱ्यावरच्या पिकनिक टेबलावर दशम्या निघाल्या आणि तिथेच ठिणगी पडली. तनय म्हणाला, तो सप्टेंबरमध्ये मित्रांबरोबर डाउनटाउनला राहायला जाणार. आणि गणपतीलाही येणार नाही. सगळं इंग्लिशमध्ये, फोनमधून डोकं वर न काढता.

“मराठीत सांग,” आई म्हणाली. “माझ्याशी बोलायचं तर मराठीत.”

“मॉम, आय ॲम युअर सन. आय ॲम नॉट युअर मराठी शाळा.”

“चला, शाळेचा ‘ळ’ तरी जमला,” बाबा पुटपुटले, आणि ईरा फिस्सकन हसली. तनय उठलाच. फोन हातात, तरातरा उजवीकडे, जिकडे धुक्यात बोटींसाठी भोंगा वाजतो तिकडच्या खडकांकडे निघून गेला. आई त्याच्याकडे बघत राहिली. रडली नाही हं. नुसती बघत राहिली, भाजीवाल्याकडे आपण एखादी जुडी हातात घेऊन ठेवायची की परत करायची ते बघतो ना, तशी.

आणि मग धुकं आलं. हळूहळू वगैरे नाही. आधी समोरचं बेट गेलं, मग खडक, मग लोकांचे रंगीत रेनकोट, आणि मग पार्किंगच्या कठड्यापलीकडे काही उरलंच नाही. पाणी चढायला लागल्याचा आवाज तेवढा येत होता, चिखलातून बुडबुडे फुटत असल्यासारखा. बाबा म्हणाले, “बोलाव त्याला, भरती सुरू झाली.”

आई कठड्याशी गेली. ईरा टाळ्यांची वाट बघत होती.

आईने दोन्ही हात तोंडाशी नेले. “तनय!”

खणखणीत. मग थांबली, मान तिरपी करून. परत एकदा. आणि मग तिसऱ्यांदा, पण ही हाक हळू, घरात शेजारच्या खोलीतल्या माणसाला मारतात तशी.

“आलो, आई.”

तो डावीकडून आला. पायात बूट नाहीत, हातात फोन नाही, आणि केसांपासून टाचेपर्यंत ओला. पाणी तर अजून कितीतरी लांब होतं. आईने त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला. मग आपल्या शालीने त्याचं डोकं पुसलं. “चला, निघू या.”

व्हॅनचं दार सरकत असताना ईराने ऐकलं. उजवीकडून. “हे! गाइज! वेट अप!”

“आई, कोणीतरी ओरडतंय.”

“सीगल आहे गं. काच वर कर.”

बाबांनी आरशात पाहिलं. ईराला आरशात त्यांचे डोळे दिसले. मग त्यांनी गाडी काढली.

बिचारी ईरा काय म्हणणार! आई सीगल म्हणतेय, बाबा गाडी चालवतायत, भाऊ शेजारी बसलाय. तो मात्र बेल्ट न लावता तसाच बसला होता. गाडी टूंटूं करायला लागली तशी आई पुढच्या सीटवरून आख्खी मागे वळली आणि तिने त्याचा बेल्ट लावून दिला, बालवाडीतल्या पोराला लावतात तसा. त्याने दशमी खाल्ली. “किती मऊ झालीय गं आई,” म्हणाला. आईला हुंदकाच आला.

“ड्यूड, स्टॉप इट,” ईरा म्हणाली. तिला वाटलं, मघाच्या भांडणावरून टोमणे मारतोय. “इट्स नॉट फनी.”

तो तिच्याकडे वळला. रागाने नाही, चेष्टेनेही नाही. परक्या भाषेत कोणी आपल्याशी बोललं की आपण कसं सभ्यपणे हसतो, तसं हसला.

मग सगळा हायवे. मूस-हरणांपासून जपा सांगणाऱ्या पाट्या, सूचिपर्णी झाडं, पेट्रोल, कॉफी. सगळे वॉशरूमला उतरले, तो नाही उतरला. हीटर लावला तरी त्याचे केस वाळेनात. गाडीत एक वास होता, पाणी गेल्यावर उघड्या चिखलाला येतो तो. रिव्हिएर-दु-लू आलं, क्युबेक सिटी मागे पडली, आणि आई-बाबा पुढे बसून लग्न नुकतं झाल्यासारखे गुलुगुलु बोलत होते.

उजाडल्यावर घरी पोचले. दाराला आकड्यांचं कुलूप आहे त्यांच्या. तनय पुढे होता, तर तो त्या बटणांसमोर हात लोंबते ठेवून नुसता उभा. शेजारच्या म्हाताऱ्या बाई झाडांना पाणी घालत होत्या, त्यांनी “बोंजूर, तनय!” म्हटलं. जो पोरगा त्यांच्या मांडीवर बसून फ्रेंच शिकला, तो त्यांच्याकडे बघून तेच सभ्य हसू हसला. बाबांनी दार उघडलं. तरी हा उंबऱ्याबाहेरच. आईने आतून वळून “ये ना रे राजा, घरात ये” म्हटलं, तेव्हा आला.

नंतर काय विचारता! पोरगा पहाटे उठतो, अंघोळ करतो, कोथिंबीर निवडून देतो. बाबांबरोबर बसून टिळकांपासून टोमॅटोपर्यंत गप्पा मारतो, आणि एक इंग्लिश शब्द नाही. डाउनटाउनची खोली तर विषयच गेला. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये त्याने अख्खं अथर्वशीर्ष म्हटलं, डोळे मिटून, न अडखळता.

शैलेंद्रकाका मंडळाचे सेक्रेटरी, ते धावतच आले. “वहिनी, काय खाऊ घातलंत पोराला? आमच्या नंदनलाही द्या की थोडं! त्याला ‘आरती’ म्हटलं की मुलगी वाटते.”

“समुद्राची हवा मानवली हो,” आई म्हणाली.

सगळे हसले. ईराने बाबांना कोपऱ्यात गाठलं. “बाबा, दॅट्स नॉट हिम. यू नो दॅट्स नॉट हिम.”

बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात प्रेमाचा होता, हेच तर. “पोरगा सुधारलाय, ईरा. लोकांची पोरं बिघडतात तेव्हा कोणी विचारतं का, की हा तोच आहे का म्हणून?”

ईराला सगळ्यात जास्त खटकली होती ती वेगळीच गोष्ट. किनाऱ्यावरून आल्यापासून तनयने फोन मागितलाच नव्हता. तनयने! जो फोन घेऊन झोपायचा. आणि आई-बाबांनीही नवा आणला नव्हता.

शनिवारी दुपारी ती आपल्या खोलीत बसली आणि तिने त्याचा नंबर लावला. बंदच असणार, इतक्या आठवड्यांनी बॅटरी राहते होय.

वाजला.

उचलला.

आधी भोंगा ऐकू आला. मग बुडबुड्यांचा आवाज.

“ईरा? व्हेअर आर यू गाइज?” तो धापा टाकत होता. “आय कॅन हिअर मॉम. ती हाका मारतेय ना? मी आलो, आय ॲम कमिंग, बट... मला कार दिसत नाहीये. बाबांना हॉर्न वाजवायला सांग ना.”

त्याच्यासाठी अजून तीच दुपार चालली होती.

“तनय, पाणी कुठपर्यंत आलंय?”

“गुडघ्यापर्यंत. टेल मॉम आय ॲम सॉरी, ओके? टेल हर मी येतो गणपतीला.”

ईरा जिना उतरली की पडली, तिचं तिला आठवत नाही. किचनमध्ये आई पोळ्या लाटत होती. बाबा टेबलाशी लॅपटॉप घेऊन. आणि तो दुसरा, ताटं मांडत होता. ईराने फोन स्पीकरवर टाकला आणि पोळपाटाशेजारी ठेवला.

“मॉम?” फोनमधून आवाज आला. “आई?”

आईचं लाटणं थांबलं.

ईरा सांगते, तेवढ्या क्षणात तिला वाटलं, झालं. आता आई चप्पल घालेल, बाबा किल्ली घेतील, रात्रभर गाडी हाणू.

“आई, मी इथे आहे. आई, हाक मार ना परत.”

आईने बोट पुढे केलं. बोटाला कणीक होती. तिने लाल बटण दाबलं.

बाबांनी लॅपटॉपवर काहीतरी केलं. ईराने परत नंबर लावला, तर एक बाई आधी फ्रेंचमध्ये आणि मग इंग्लिशमध्ये सांगायला लागली की हा नंबर अस्तित्वात नाही.

“पोळी करपेल,” तो दुसरा म्हणाला आणि त्याने हाताने तव्यावरची पोळी उलटली. चिमटा न घेता.

जेवायला बसले. वाढणं झालं. बाबा म्हणाले, “थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकेंडला तेच कॉटेज मिळालंय. बुक केलंय.”

“तुम्ही तिघं जा,” तो म्हणाला. “मी सांभाळतो घर.”

“ईराला जरा मोकळं वाटेल,” आई म्हणाली. “हल्ली किती उलट बोलते. सारखं इंग्लिश.”

ईराच्या तोंडात “व्हॉट” आला होता. तो तिने गिळला.

तिने आईकडे पाहिलं. शब्द सापडत नव्हते. तिने ते एकेक करून शोधले आणि नीट जुळवले.

“आई, मला अजून एक पोळी वाढतेस का? तुझ्या हातची पोळी फार छान होते.”

आईचे डोळे भरून आले. तिने पोळीवर तूप घातलं, सढळ हाताने. “अहो, ऐकलंत? किती गोड बोलली माझी बाय! मग ते कॉटेज कॅन्सल करून टाकायचं का?”

बाबांनी चष्मा वर सरकवला आणि स्क्रीनकडे पाहिलं.

“एवढ्यात नको,” ते म्हणाले. “महिनाअखेरपर्यंत पैसे पूर्ण परत मिळतात. बघू, टिकतंय का.”