दोरी धरणाऱ्यानं मागं बघू नये

लेक घोड्यावरून पडेल या काळजीनं मला दोन रात्री झोप नव्हती. ती अजून घोड्यावर बसलीही नव्हती, ही गोष्ट वेगळी. आई झाल्यापासून मी सगळे अपघात आधीच मनात उरकून घेते.

आम्ही चुलतसासऱ्यांकडे आलो होतो. गावाबाहेर त्यांचा तबेला आहे. हौशी लोकांना ते घोड्यावरून रानवाटेनं फिरवून आणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सहा वर्षांच्या बाईसाहेबांची पाळी होती, काकांच्या करड्या घोडीवर. घोडी वयस्कर आणि गरीब. ‘गरीब’ हे काकांचं मत.

रात्री जेवणं झाल्यावर व्हरांड्यात बसलो. लेक माझ्या मांडीवर, डोक्यावरून चादर घेऊन झोपलेली.

“वहिनी, घोडीलाही हेल्मेट घालायचं का?” दीर म्हणाला.

“गप रे,” नणंद म्हणाली. “काका, काहीतरी सांगा, म्हणजे वहिनी झोपेल.”

“झोपायचं असेल तर माझी गोष्ट नको.”

“मग सांगाच!”

काकांनी तबेल्याकडे एकदा बघितलं.

“आमच्या घोडेवाल्यावर गुदरलेली गोष्ट आहे. गेल्या हिवाळ्यातली, अमावास्येच्या आदल्या रात्रीची. घोडीचा नाल सैल झाला होता, म्हणून तो तिच्यावर बसून नालबंदाकडे गेला. काम होईस्तोवर अंधार पडला. नालबंद म्हणाला, खूर हुळहुळा झालाय, जाताना बसू नकोस. मग हा पायी निघाला. रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या त्या लोखंडी कड्या, वर सरकवून टाकल्या. लोंबत्या ठेवल्या तर घोड्याच्या पोटावर आपटतात. दोरी हातात, हा पुढं, घोडी मागं. आणि आमच्यात एक शिस्त असते. दोरी धरणाऱ्यानं मागं बघायचं नाही. नजरेला नजर भिडली की घोडा जागीच थांबतो.”

“बरं, मग?”

“ओढ्याच्या उतारावर घोडी थांबली. यानं दोरी ओढली. हलेना. चुचकारलं. हलेना. चारही पाय रोवून उभी. आता, ही घोडी अशी कधी उभी राहते? लहान मूल पाठीवर चढत असलं की.”

नणंद माझ्याजवळ सरकली.

“मग खोगिराचं कातडं करकरलं.”

“वारा असेल,” नणंद म्हणाली.

“कातडं वाऱ्यानं करकरत नाही, बाई. वजनानं करकरतं.”

दीरानं पाय खुर्चीवर ओढून घेतले.

“मग घोडी आपणहून निघाली. हळू. फार हळू. यानं घाई केली तरी ती करेना. एक पाऊल... करकर. एक पाऊल... करकर. पुढं बॅटरीचा उजेड. मागं काळोख.”

“त्यानं वळून बघितलं नाही?”

“बघितलं असतं तर ती थांबली असती. आणि तिथं... त्याला थांबायचं नव्हतं.”

काकांनी पाण्याचा पेला उचलला. न पिता खाली ठेवला.

“तबेल्याचा दिवा दिसला. फाटक आलं. अंगण आलं. घोडी पुन्हा थांबली. तशीच. चारही पाय रोवून. आता मात्र तो वळला.”

...

“खोगीर रिकामं. पण रिकिबी खाली सोडलेल्या. हा घोडेवाला म्हणजे ताडमाड माणूस, रिकिबींचे पट्टे त्याच्या मापाचे होते. तेच पट्टे... अगदी शेवटच्या भोकात अडकवलेले. एवढेसे.” काकांनी मनगटापासून कोपरापर्यंत बोट फिरवलं. “आणि घोडी उजाडेपर्यंत अंगणात उभी. जागची हलली नाही.”

“घोडेवाल्याचं काय झालं?”

“आहे की. सकाळी तुम्हाला चहा त्यानंच दिला. फक्त अंधारात दोरी धरत नाही.”

मी विचारलं, “आणि घोडी?”

“हीच.”

खरं सांगते, भीतीच्याही आधी मला सुटल्यासारखं वाटलं. ‘पडेल’ म्हणून नको म्हटलं असतं तर सगळे हसले असते. आता माझ्याकडे कारण होतं. भुताचं का असेना.

“उद्या राहू दे,” मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. दीरसुद्धा.

मांडीवरची चादर हलली. त्यातून आधी केस बाहेर आले, मग दोन टक्क उघडे डोळे. कधीपासून जागी होती, देव जाणे.

“आजोबा, मग त्या मुलाला खाली कुणी घेतलं?”

काकांनी तबेल्याच्या बाजूला बघितलं... आणि मग बघायचं टाळलं.

लेक उठून बसली. माझी हनुवटी दोन्ही हातांनी धरून तिनं माझं तोंड स्वतःकडे वळवलं.

“उद्या मी बसायच्या आधी तू त्याला उतरवून घे हं, आई.”