दिवा वाढव

महिन्यात दुसऱ्यांदा विळीनं बोट कापलं, तेव्हा नलिनीबाईंनी नजर अधू झाल्याचं कबूल केलं. बंगळुरूच्या विजयेंद्रनं आईसाठी लाईटची पट्टी धाडली. ओट्यावरच्या कपाटाखाली बसवायची, पण टाइल्स नव्या आहेत, भिंत फोडायची नाही, ही तंबी सोबत. काम मिळालं सुनीलकुमारला. कोळारच्या कारखान्यातली नोकरी सोडून गुलबर्ग्यात त्यानं स्वतःचं काम सुरू केलं होतं आणि या कॉलनीतलं हे पहिलंच घर. इथं नाव झालं तर पुढची घरं, नाही तर पुन्हा कोळार.

भिंतीत जुन्या ट्यूबलाईटची वायर होतीच. बोर्डातल्या लाईनपासून त्यानं ती सोडवली, बोर्डाशी बारा व्होल्टचा अडॅप्टर बसवला आणि त्याच वायरीतून पट्टीला करंट दिला. ओटा उजळला. बाई तूरडाळ निवडू लागल्या. कितीतरी दिवसांनी खडे दिसले म्हणून त्यांचे डोळे भरून आले.

"झालं माझं. वाढव आता."

सुनीलनं अडॅप्टरचा बारका स्क्रू फिरवून उजेड वाढवला. बाई हसल्या. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, तसंच दिव्याचं, त्यांनी समजावलं. वाढव म्हणजे बंद कर. तोही ओशाळून हसला, बटण बंद करून घरी गेला.

सकाळी फोन आला. लाईट बंद होत नाही.

त्यानं बटण बदललं. दुसऱ्या दिवशी अडॅप्टर बदलला. तिसऱ्या दिवशी शेजारची भार्गवी बघायला आली आणि आमच्याकडं नको बाई म्हणून निघून गेली. सुनीलचं डोकं फिरलं. कुठून या जुन्या वायरीच्या नादी लागलो, म्हणत त्यानं विजयेंद्रला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

चौथ्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला, तेव्हा गल्लीभर करंट नव्हता. धुळीमुळे खिडकी लावलेली. आणि ओट्यावर लख्ख उजेड, कालच्याहून जास्त.

त्यानं वायरीची दोन्ही टोकं सोडवली. मीटर लावला. शून्य.

"अक्का, ह्यो रोज वाढायलाय का?"

"व्हय की. रोज निजताना मी म्हणते, वाढव. की वाढतोच."

सुनीलला तो स्क्रू आठवला. त्यानं पट्टी ओरबाडून काढली, गुंडाळली, पिशवीत कोंबून चेन ओढली.

ओट्यावर डाळीच्या प्रत्येक दाण्याची सावली तशीच पडलेली होती.

"अक्का, वाढव म्हणू नका. एकदा विझ म्हणा."

"शुभ बोल." भिंतीपलीकडच्या खोलीत त्यांचे यजमान नरहरराव सहा महिने अंथरुणाला खिळलेले होते. बाईंनी तिकडं पाहिलं. "घरात दुखणाईत माणूस असताना कामून असलं बोलायलास?"

तो हात जोडून उभा राहिला. बाई दुसरा एखादा शब्द आठवत असाव्यात.

ओटा हळूहळू अंधारला. सावल्या गेल्या. सुनीलनं श्वास सोडला.

मग भिंतीपलीकडून नरहररावांचा थकलेला आवाज आला.

"नलू, उजेड डोळ्यांवर यायलाय ग. वाढव तो दिवा."